ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे?

ऑडिओबुकच्या चर्चेत ‘ऐकलेलं पुस्तक वाचलं असं म्हणू नये’ असं एक मत आलं; ते मला अर्धंच पटलं. आमच्याकडे श्रावणात एक जण पोथी वाचायचा आणि बाकीची आळी ऐकायची. त्यांना पोथी ठाऊक नाही, असं कोणी म्हटलं नाही.

मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की हात मनगटापर्यंत लाल. त्या हातांनी पान कोण उलटणार? यंदा आईने आणि मी आमसुलं घालता घालता एक जाडजूड कादंबरी ऐकून संपवली. मोतीबिंदूमुळे तिचं वाचन सुटलंय, त्यामुळे तिच्यासाठी तर हा प्रश्नच नाही.

कुडाळहून मुंबईला रेल्वेने जातानाही ऐकतो, पण आधी डाउनलोड करून. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, तिथे रेंज कुठली!

माझी तक्रार वेगळीच आहे. पात्र मालवणी बोलतं आणि वाचणारा ‘खंय’, ‘कित्याक’ असं उच्चारतो की जणू परीक्षेला बसलाय. छापील पानावर तो हेल माझ्या डोक्यात आपोआप बरोबर वाजतो. शिवाय इतिहास, वैचारिक वगैरे मला कानाने जमत नाही. दोन पानं मागे जाऊन नाव तपासायची खोड आहे.

बाकी, पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना येणारी बुरशी मोबाइलला येत नाही, हे मात्र कबूल. डांबरगोळ्यांशिवाय कोणाकडे काही उपाय आहे का?