शब्दचर्चा: ‘मासिक आवर्ती कार्य’ असं कोण म्हणतं हो?

रामबागकर
इंदूरच्या एका छोट्या कंपनीसाठी वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते आहे. ते वापरणार नाशिक-पुण्याकडच्या हिशेब-कचेऱ्या. ‘मंथली रिकरिंग टास्क’ला मी ‘दर महिन्याचं काम’ केलं होतं आणि ‘वीकली’ला ‘दर हप्त्याला’. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही लाल करून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, हप्ता कर्जाचा असतो, सात दिवसांचा असतो तो आठवडा. आमच्या घरात तीन पिढ्या सात दिवसांना हप्ताच म्हणतात, पण ते राहू द्या. ‘दर महिन्याचं काम’ फार घरगुती वाटतं म्हणून त्यांनी सुचवलंय ‘मासिक आवर्ती कार्य’. हे वाचून काम करायची इच्छाच जाते.

शिवाय ‘रिपीट’ असं छोटं बटण आहे, त्यावर आधीच्या कुणीतरी ‘पुन्हा करा’ लिहून ठेवलंय. कारकुनाला वाटेल काम चुकलं, आता परत करायला सांगताहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. काही कामं तारखेला बांधलेली असतात, जसं भाडं १ तारखेला. काही आधीचं काम उरकल्यावर महिन्याने करायची असतात, जसं इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन वेगळे पर्याय आहेत आणि ‘मासिक’ म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात जातात. सुचवा काहीतरी.

पंतोजी
‘आवर्ती’ला काय झालं? बँकेत ‘आवर्ती ठेव’ आहे, लोकांना कळते. ‘प्रतिमास’ आणखी सुटसुटीत. नवा शब्द आला की आधी हसायचं ही आपली जुनी खोड. सावरकरांनी ‘दिनांक’ पुढे केला तेव्हाही हसले असतील, आज प्रत्येक अर्जावर तोच आहे. आणि ‘हप्ता’ फारसी ‘हफ्त’वरून, म्हणजे सात. अर्थ आठवडाच, मान्य. पण आपला शब्द असताना उसना कशाला?

हिशेबनीस
पंत, ‘आवर्ती ठेव’ बँकेच्या पाटीवर असते, काउंटरवर सगळे इंग्रजी ‘रिकरिंग डिपॉझिट’चं ‘आरडी’च म्हणतात. आणि ‘दिनांक’ छापलेल्या रकान्यात आम्ही लिहितो काय? तारीख.

माझ्या कचेरीतली पोरं कुठलाच शब्द वापरत नाहीत, आकडा वापरतात. टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायचा ७ ला, जीएसटीच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्राची ११, पीएफची १५, जीएसटीच्याच ३बी विवरणपत्राची २०. त्यामुळे ‘सातवाली झाली का?’, ‘वीसवाली कुणाकडे आहे?’ असं चालतं. त्यातही मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, म्हणजे ‘दर महिन्याला ७ तारीख’ हे वर्षातून एकदा खोटं पडतं. शब्द कुठलाही ठेवा, पण त्याच्याशेजारी ‘फक्त या वेळी तारीख बदला’ असं बटण हवंच.

मल्हारगंज
‘मासिक’ अजिबात नको. आमच्या घरात मासिक म्हणजे गेलेल्या माणसाचं वर्षभर दर महिन्याला करायचं श्राद्ध. सुनेला विचाराल तर वेगळा अर्थ. वाचनालयात विचाराल तर तिसरा. कचेरीतल्या पडद्यावर ‘आपली ४ मासिके बाकी आहेत’ असं आलं तर कुणी काय समजायचं? हिंदीतल्या ‘माहवारी’चंही तेच झालंय, नुसता ‘महिन्याचा’ असा अर्थ आता मागे पडला.

एक मात्र सांगते, श्राद्धवाल्यांकडे नेमके शब्द आहेत. पहिला महिना पुरा व्हायच्या थोडं आधी करतात ते ऊनमासिक. टीडीएसची आठवण ५ तारखेला हवी असेल तर हा शब्द तयार आहे, कुणी हौशी असेल तर घ्यावा.

लष्करवाले
ग्वाल्हेरहून हजेरी. ‘आवर्ती’ कोरडा आहे, पण त्याचा भाऊ ‘आवर्तन’ जिवंत आहे. आमच्याकडे गाण्यातलं आवर्तन, तिकडे अथर्वशीर्षाचं आवर्तन आणि महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्याचं आवर्तन. बातमीत ‘उन्हाळी आवर्तन सुटलं’ असं वाचतो तेव्हा शेतकऱ्याला कोश उघडावा लागत नाही. ‘कामाचं आवर्तन: दर महिना’ काय वाईट आहे?

क्षिप्राकाठ
वाईट नाही, पण फसवं आहे. तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं म्हणजे १६ मात्रांचंच. महिना कधी २८, कधी ३१. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, रामबागकरताईंचा खरा घोटाळा ३१ तारखेला होणार आहे.

‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असं काम लावलं की ते वर्षातून सातदाच येतं. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला ३१ नाहीच. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचा जो २००९ चा प्रमाण मसुदा आहे, आरएफसी ५५४५, तो म्हणतो की नसलेली तारीख सोडून द्यायची. गूगल कॅलेंडर तसंच करतं. आउटलुक मात्र लहान महिन्यात शेवटच्या तारखेला आणून बसवतं. म्हणजे एकच वाक्य, पण वागणूक दोन तऱ्हेची. त्या मसुद्यात महिन्याची शेवटची तारीख सांगायला उणे १ लिहितात, शेवटाकडून मोजून पहिली. मराठी वाक्यात हे सगळं यायला हवं. त्यामुळे ‘मासिक’ की ‘दरमहा’ यापेक्षा ‘त्या महिन्यात ही तारीख नसेल तर काम गाळा’ आणि ‘शेवटच्या तारखेला घ्या’ ही दोन वाक्यं आधी ठरवा.

हिशेबनीस
‘महिनाअखेर’ म्हणा की! एका शब्दात काम होतं.

मल्हारगंज
तुमच्याकडे होत असेल. पगारदार घरात महिनाअखेर २२-२३ पासूनच सुरू होते. ‘महिनाअखेर आहे, नंतर बघू’ म्हणजे खिशात पैसे नाहीत. तारीख कुठे असते त्यात?

लष्करवाले
तिथीला हा प्रश्न पडतच नाही. सूर्योदयाला जी तिथी नाही तिचा क्षय, दोन सूर्योदयांना असेल तर वृद्धी. पूर्वजांनी सगळं ठरवून ठेवलंय. फेब्रुवारीतल्या ३१ ला ‘क्षय’ म्हणून टाका.

क्षिप्राकाठ
‘आपल्या कामाचा या महिन्यात क्षय झाला आहे.’ ग्राहक फोन करून शिव्या घालेल.

आणि तिथीचं एवढं सोपं नाहीये. इंदूर-उज्जैनला एकाच गल्लीत दोन महिने चालतात. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदीभाषकांचा पौर्णिमेला. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. महाशिवरात्र आपल्या माघात, त्यांच्या फाल्गुनात, आणि दिवस मात्र एकच. महाकाळाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, हिंदी श्रावण संपल्यावरही भादव्यात निघते, ती मराठी श्रावणाचा मान राखायला असं उज्जैनचे लोक सांगतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा सोमवार किती धरायचे यावरून आमच्या घरात दोन मतं पडली. वर्षाला महिने बारा हेसुद्धा जिथे पक्कं नाही, तिथे ‘दर महिन्याला’ म्हणजे काय!

पंतोजी
विषय शब्दाचा होता. ‘दरमहा’, ‘महिनाअखेर’, ‘तारीख’, ‘हप्ता’, सगळी उसनवारी. ‘महिना’सुद्धा फारसीकडूनच आलाय असं मानणारे आहेत. मास आपला.

लष्करवाले
मास आणि माह सख्खे चुलतभाऊ आहेत, पंत. संस्कृतात मास् म्हणजे चंद्र आणि महिना, फारसीत माह म्हणजेही चंद्र आणि महिना. एका घरातून वेगळे निघाले, एक इराणात राहिला, एक इकडे आला. चुलतभावाला परका म्हणायचं का?

पंतोजी
चुलतभाऊ असला तरी त्याचा सातबारा वेगळा.

दांडियाबझार
बडोद्याहून. हा वाद आमच्या गावाला नवा नाही. कवी माधव जूलियन जन्मले बडोद्यात, १८९४ मध्ये. त्यांनी १९२५ ला फारसी-मराठी कोश केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. एकाच माणसात पंतोजी आणि लष्करवाले दोघं नांदू शकतात. इथल्या संस्थानानेही १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला. तर ‘आपल्याकडे शब्द नाहीत’ ही तक्रार जुनी आणि उपायही जुने.

पण सगळे नामं शोधताय, क्रियापदाकडे कुणी बघत नाही. माझी गुजराती शेजारीण म्हणते ‘दूध बंधाव्युं’. रोज येणार, पैसे महिन्याला, सगळं त्यात आलं. मराठीत आपण म्हणतो दूध लावलं, पेपर लावला, डबा लावला, शिकवणी लावली. एकदा लावलं की बंद करेपर्यंत येत राहतं. ‘रिकरिंग’चा अख्खा अर्थ ‘लावणे’त आहे! नामच हवं असेल तर ‘रतीब’ आहे.

रामबागकर
अरे वा, हे डोक्यात आलंच नव्हतं. इंदुरात दुधाचे दोन भाव असतात, बंदीचा आणि खेरीज, म्हणजे सुटं घेण्याचा. आई म्हणते ‘बंदीचं दूध’. बंद केलेलं दूध नव्हे, बांधून घेतलेलं.

मल्हारगंज
हो, बंदीच. माझ्या पुण्याच्या जावेला वाटलं होतं दुधावर बंदी आली.

हिशेबनीस
‘लावणे’ला माझा आक्षेप आहे. ‘काम लावा’ असं बटण दिसलं तर पोरं म्हणतील, आता आम्हाला कामाला लावणार. कुकर लावतो, दार लावतो, भांडण लावतो. एका क्रियापदावर किती ओझं टाकाल?

दांडियाबझार
गजर पण लावतोच ना? सॉफ्टवेअर दुसरं काय करतं? ‘दर महिन्याला लावा’ लिहा, बटणावर मावतं. आणि बंद करायला ‘बंद करा’, जसा पेपर बंद करतो.

पंतोजी
‘रतीब’ अरबी आहे. ‘रातिब’ म्हणजे ठरलेला, नेमून दिलेला. अरबी देशांत पगारालाही रातिब म्हणतात. आणि मराठीत रतीब रोजचा असतो. महिन्याचा रतीब कुणी घालत नाही.

लष्करवाले
कवी घालतात की कवितांचा. तो कधी रोजचा, कधी पाक्षिक.

क्षिप्राकाठ
थट्टा बाजूला. ताईंनी पहिल्याच निरोपात विचारलेल्या दोन प्रकारांकडे परत येतो, कारण ते कुणी घेतलेच नाहीत. मला वाटतं मराठीला यासाठी नव्या शब्दाची गरज नाही, प्रत्यय पुरतो. ‘दर महिन्याला’ म्हणजे तारखेला बांधलेलं. ‘महिन्याने’ म्हणजे आधीचं झाल्यापासून मोजायचं. ‘भाडं दर महिन्याला ५ तारखेला’, ‘पाणी घातल्यावर महिन्याने’. डॉक्टर ‘महिन्याने या’ म्हणतात तेव्हा कोणी कॅलेंडरवर १ तारीख शोधत नाही, आज आलो तिथून मोजतो. पर्यायांची नावं अशी द्या: ‘ठरल्या तारखेला’ आणि ‘काम झाल्यापासून महिन्याने’.

हिशेबनीस
हे पटलं. पण हिंदी-मराठी मिसळून बोलणारा माणूस ‘महिन्याने’ म्हणतच नाही. आमचा ऑफिसबॉय म्हणतो ‘महिन्याभरात’. त्याचा अर्थ महिन्याच्या आत कधीही.

मल्हारगंज
आणि दोन महिन्यांनी करायच्या कामाला? ‘दोन महिन्यांआड’?

लष्करवाले
‘महिन्याआड’. दोन महिन्यांआड म्हणजे मधे दोन महिने जाऊन तिसऱ्याला.

मल्हारगंज
नाही हो. ‘दिवसाआड पाणी’ म्हणजे एक दिवस येतं, एक दिवस नाही. ‘दोन दिवसांआड’ म्हणजे दर दोन दिवसांनी.

लष्करवाले
मग ‘दिवसाआड’ आणि ‘दोन दिवसांआड’ दोन्हींचा अर्थ एकच झाला! मधे जितके दिवस जातात तितके मोजायचे. दिवसाआड, मधे एक. दोन दिवसांआड, मधे दोन.

दांडियाबझार
तर्क तुमच्या बाजूने आहे, पण दहा घरी विचारलं तर सहा जण मल्हारगंजांच्या बाजूने उत्तर देतील. ‘दर दोन महिन्यांनी’ लिहा आणि वाद मिटवा. ‘द्वैमासिक’ही चालेल, निदान त्याचा अर्थ महिन्यातून दोनदा असा कुणी करत नाही. तिकडे इंग्रजीत तो घोळ कायमचा आहे.

पंतोजी
बघा, शेवटी ‘मासिक’च उपयोगी पडलं.

रामबागकर
पर्यायांची नावं क्षिप्राकाठांनी दिली तशीच पाठवते आहे. बटणावर ‘दर महिन्याला लावा’. ३१ साठी दोन्ही वाक्यं खाली बारीक अक्षरात. ‘आठवड्याला’ करून टाकलंय, हप्त्यासाठी आता भांडत बसत नाही. ‘मासिक आवर्ती कार्य’ मात्र शीर्षकात हवंच म्हणताहेत, सरकारी ग्राहक आहेत म्हणे.

लष्करवाले
ताई, हप्त्यासाठी भांडा. तो आमचाही आहे.

मल्हारगंज
आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं ते लोक ‘एक दिवस सोडून’ म्हणतात, ‘दिवसाआड’ नाही. हे हिंदीतल्या ‘एक दिन छोड़कर’वरून आलं की आधीपासून होतं, कुणाला ठाऊक आहे का? माझी सासू धारची, ती ‘एकाड दिवस’ म्हणायची.

पंतोजी
‘एकाड’ शुद्ध मराठी आहे. एक अधिक आड.

हिशेबनीस
आणि ‘आड’ म्हणजे विहीरही. आता यावर नका सुरू होऊ, उद्या माझी वीसवाली आहे.