अनेक कामं केलेल्या माणसाला काय म्हणावं? 'धरसोड', 'अष्टपैलू' की 'बेवड'?

सरकी: यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांसाठी कौशल्य-प्रशिक्षणाचं पत्रक मराठीत आणायचं आहे. आशय असा: आवडी बदलतात, माणूस काम बदलतो आणि आधीचं काम पुढच्या कामाला बळ देतं. अशा माणसासाठी शब्द हवा. पहिल्या खर्ड्यातलं 'धरसोड करणारा' खोडलं, त्यात सगळा ठपका सोडण्यावर आहे. 'हरहुन्नरी' फारसी म्हणून नको, 'अष्टपैलू' घ्या, अशी सूचना आली आहे.

पऱ्हाटी: 'पैलू'ही फारसी 'पहलू'वरूनच आला. शुद्धतेचा वाद तिथंच संपतो. अडचण अर्थाची आहे. अष्टपैलू खेळाडू एकाच सामन्यात फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही. इथं कामं एकामागून एक येतात. त्याला वावरातला शब्द आहे, 'फेरपालट', म्हणजे पिकं आलटून पालटून घेणं, आणि आधीचं पीक मागं ठेवून जातं तो 'बेवड'. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, तुरीचा पालापाचोळा वावरातच कुजतो, पुढच्या पिकाला ते आयतं मिळतं. आधीच्या धंद्याचंही तसंच असतं.

वखर: बेवड वावराचा राह्यते भाऊ, माणसाचा नाई. अन् पत्रकात छापसान तर लोक 'बेवडा' वाचतीन. दारू सोडाचं पत्रक हाय म्हंतीन.

गेज: शब्द काहीही घ्या, पण बेवड चांगलाच असतो असं लिहू नका. मोटर रिवाइंडिंग करणारा सौरपंपाकडे वळला असं धरा. जुनं कॉइल कापण्याआधी फेरे मोजणं, तारेचा गेज मायक्रोमीटरनं घेणं, पिच म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर लिहून ठेवणं, शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग बॉडीला लागलेलं नाही ना ते बघणं, ही शिस्त सौरपंपालाही कामी येते. पण एक सवय जीवावर बेतते. लाइनवरच्या पंपाचा फ्यूज काढला की तार मेली, हे हाताला पक्कं बसलेलं असतं. पॅनेल मात्र ऊन आहे तोवर जिवंतच, आणि मालिकेत जोडलेल्या पॅनेलांचं मिळून शेकडो व्होल्ट डीसी असतं. पंप चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी तुटत नाही, लांबत जाते. एसी दर अर्ध्या चक्राला शून्यावर येतो, डीसी येत नाही, म्हणून. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची लाइन तोडणारा स्विच), मगच कनेक्टर.

पऱ्हाटी: हाच तर ज्वारीचा बेवड! धसकटं कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. चांगला-वाईट दोन्ही अर्थ एका शब्दात असणं हा त्याचा गुणच आहे. आणि जो हंगाम सरला तरी एकाच कामाला चिकटून राहतो, त्याची 'फरदड' (हंगाम संपल्यावरही ठेवलेली कपाशी) होते. डिसेंबरनंतर कपाशी पाणी देऊन ठेवली की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामालाही तीच अळी येते.

वखर: हे पटत नाई. जनमभर अवजारं बनवाचं एकच काम केलेल्या खात्याले फरदड म्हनसान काय? पेराच्या तिफनीच्या दोन फनांतलं अंतर दोन बोटं चुकलं, तर पुढं तन काढाच्या डवऱ्याची पास तासातलं रोप कापते. तो अंदाज दोन-चार वर्सात येत नाई. हरभऱ्यावर हरभरा घेतला तं मर रोग येते हे खरं, पन संत्र्याचा बगीचा कोनी दरवर्षी पालटवते का?

सरकी: म्हणजे काही कामं हंगामी, काही बागायती. पत्रकात हा फरक यायलाच हवा. शब्द मात्र अजून बाकी आहे.

गेज: 'बेवड' घेणारच असाल तर आधी लिंग ठरवा. काही ठिकाणी 'चांगला बेवड' म्हणतात, काही ठिकाणी 'चांगलं बेवड'.

पऱ्हाटी: इकडे 'चांगला'च. 'बे एके बे'तला 'बे' त्यात असावा, आलटून पालटून दोन पिकं, असा माझा अंदाज.

वखर: मंग 'बिवड' म्हंते त्यायचं काय? त्यात 'बे' कोठी हाय?