मोजणीआधी 'ॲ' एकसारखा करा

वर्षाचं सगळं लिखाण एका फायलीत ओतून शब्द मोजले की संस्कृतीवर किती लिहिलं, तंत्रज्ञानावर किती, ते कळतं, असं सुचवलं जातं; कल्पना पटते. पण मराठीत तशी थेट मोजणी केली तर तंत्रज्ञानाचं पारडं उगाच हलकं पडतं. कारण 'ॲप'सारख्या तंत्रज्ञानाच्या शब्दांतला ॲ तीन तऱ्हांनी टंकला जातो: एकसंध अक्षर (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००८ साली आलं), अ अधिक चंद्र, किंवा त्या दोहोंत एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच. फायलीतल्या साध्या शोधाला तीन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरणही (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारी प्रक्रिया) त्यांना एक करत नाही, 'शोधा आणि बदला' वापरून बदल हातानेच करावा लागतो.

क्रम मात्र पाळा, आणि कामही प्रतीवरच करा. जोडचिन्ह आधीच सरसकट पुसलं तर ते वापरून टंकलेल्या 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन बसतं. म्हणून आधी 'र् + जोडचिन्ह' च्या जागी 'ऱ्', मग तिन्ही तऱ्हांच्या जागी एकसंध ॲ. उरलेली जोडचिन्हं राहू द्या.

संस्कृतीच्या बाजूला वेगळी गळती आहे: 'कला' शोधून 'कलेत', 'कलेचा' सापडत नाहीत, आणि नुसतं 'कल' टाकलं तर 'कल्पना'ही मोजली जाते. तिथे 'कला' आणि 'कले' वेगवेगळे शोधून बेरीज करायची, 'कलाकार', 'कलेक्टर' डोळ्यांनी वगळायचे.