मदत हवी आहे: लगमधून वायर सुटतेय (घाई आहे)

गाळा_सात (शनिवार, रात्री ११:४०)
थेट मुद्द्यावर येतो. बावीसची वायर, लाल रिंग लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची कडी). दाबल्यावर घट्ट वाटतं, जरा ओढलं की वायर सुळकन बाहेर. दहात चार-पाच तरी अशा निघतात. दाबायचं टूल चांगलं आहे, लग दुसऱ्या दुकानातून आणून पाहिले, तीच रड. उद्या पॅनल बंद करायचंय, तेव्हा 'इलेक्ट्रिशियनला बोलवा' हा सल्ला कृपया नको.

बंड्या_लालबाग
तीन बावीस ना, घरच्या वायरिंगची, बावीस गेजच्या तीन तारांची? मग लाल लग बरोबरच आहे, तुमचा जोर कमी पडतोय. मी पकडीने दाबून वर हातोडीचा एक टोला देतो. आमच्या चाळीचा मीटर बोर्ड १५ वर्षं तसाच चालू आहे.

गाळा_सात
तीन बावीस नाही हो. एडब्ल्यूजी बावीस, म्हणजे अमेरिकन गेज. आणि घरचं काम नाहीये, विमानाचं आहे.

शेवंती
हे पहिल्या ओळीत सांगायचं असतं की नाही?

गाळा_सात
दोन आसनी, किटचं. मुलुंडला काकांच्या गाळ्यात तिसरं वर्ष चालू आहे. पण वायर ती वायर, विमानाची असली म्हणून काय झालं?

डोंबिवली_फास्ट_९:०४
चारकोपला गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं होतं ना, कॅप्टन अमोल यादवांनी? २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. २०१७ ला नोंदणी मिळाली. तुमच्या नोंदणीचं कुठवर आलंय?

गाळा_सात
माहीत आहे, सगळे तेच विचारतात. लग!

अप्पा_कारशेड
बाळ, लोकलच्या कारशेडमध्ये ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी मोटर कोचच्या खाली. तीन गोष्टी सांग. लगच्या पाकिटावर काय छापलंय? टूलचा जबडा कसा दिसतो? वायर सोलतोस कशाने?

रेडिओकाका
एवढी चौकशी कशाला? क्रिंप करायच्या, म्हणजे लग दाबायच्या आधी टोकाला सोल्डर लावा, मग दाबा, वरून परत एक थेंब. जन्मात सुटणार नाही. लॅमिंग्टन रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत आयुष्य गेलं माझं.

अप्पा_कारशेड
काका, रेडिओ टेबलावर बसतो, इंजिन थरथरतं. सोल्डर तारांच्या आतून वर चढतं. तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो आणि जिथे सोल्डर संपलं, बरोबर तिथेच वायर तुटते. वरून स्लीव्ह शाबूत, म्हणून दिसतही नाही. आणि आधी सोल्डर लावून मग दाबलं तर त्याहून वाईट. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, सांधा सैल पडतो. असे मेलेले सांधे मी टॉर्च तोंडात धरून शोधलेत.

रेडिओकाका
मग विमानाच्या कनेक्टरांत सोल्डर कप, वायर सोल्डरने जोडायच्या वाट्या, कशाला असतात? आम्हालाही थोडं कळतं.

हँगरवाली
असतात काही ठिकाणी, काकांचं तेवढं खरं. पण तिथे मागे क्लॅम्प असतो, वायरला सांध्यापाशी हलूच देत नाही. इंजिनावरच्या मोकळ्या रिंग लगला असा आधार कुठून आणणार? धागाकर्ते, अप्पांच्या प्रश्नांची उत्तरं द्या ना.

गाळा_सात
लग लोहार चाळीतले. पाकिटावर '२२-१६' आहे, माझी २२ आहे, म्हणजे बसायलाच हवी. खाली '०.५-१.५' असंही काहीतरी आहे. वायर टेफझेल इन्सुलेशनची, किटसोबत आलेली. सोलतो ब्लेडने. टूल रॅचेटचं आहे, फोटो टाकलाय.

अप्पा_कारशेड
आता कळलं. ते 'काहीतरी' म्हणजे चौरस मिलिमीटर. तुझी एडब्ल्यूजी २२ भरते जेमतेम ०.३३, आणि पाकीट सुरू होतं ०.५ ला. '२२' हा आकडा छापलाय म्हणून ती नळी बारीक होत नाही. वायर आत खुळखुळते, दाबलं तरी तारा एकमेकींवर आवळल्या जात नाहीत.

हँगरवाली
त्यात टेफझेलचं इन्सुलेशन पातळ आणि गुळगुळीत. २२ ची अख्खी वायर बाहेरून मिलिमीटरला थोडी वर. लगची प्लॅस्टिकची कॉलर जाड पीव्हीसीसाठी, ती हिला काय धरणार? विमानाच्या लाल लगची रेंज ०.२६ पासून असते आणि कॉलरच्या आत तांब्याची आणखी एक बाही असते, इन्सुलेशन आवळायला. थरथर तिने सोसायची, उघड्या तारांनी नाही.

आणि फोटो पाहिला. टूल रॅचेटचं आहे, पण एंड सीलिंगचं! जबड्याला दातेरी चौकोनी खाच आहे बघा. ती कंट्रोल पॅनलमधल्या वायरींच्या टोकाला बसणाऱ्या पिनांसाठी. रिंग लगला लांबट गोल दोन घरं लागतात, एक तारेसाठी, एक इन्सुलेशनसाठी.

सुशीला_ठाणे
विषय निघालाच आहे तर विचारते, इन्व्हर्टरपासून बॅटरीपर्यंत कितीची वायर घ्यावी? आमचा माणूस ६ म्हणतो, दुकानदार १० म्हणतो.

बंड्या_लालबाग
ताई, १० घ्या. आणि लग हातोडीने.

डोंबिवली_फास्ट_९:०४
यावर एक उपाय, सोललेली तार दुमडून दुप्पट करायची. ०.६६ झाली, बसली रेंजमध्ये.

अप्पा_कारशेड
दारावरच्या बेलला चालेल. इन्सुलेशनची पकड तरी कुठून येणार? आणि ब्लेडबद्दल: त्या वायरीत १९ तारा आहेत, केसासारख्या. सोललेलं टोक भिंगाखाली धर आणि मोज. १६ भरल्या तर सांगू नकोस मला.

गाळा_सात (रविवार, दुपारी ३:१५)
मोजल्या. एकात १७, एकात १५. एकात १९. पॅनल बंद करत नाहीये.

अप्पा_कारशेड
शाब्बास. अचूक भोकांचा स्ट्रिपर घे. नवीन लग आले की दर बॅचला दोन नमुने ओढून बघ. २२ ला १५ पाउंड धरतात, म्हणजे जवळजवळ ७ किलो. बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो ना, त्याने होतं. तार तुटली तर हरकत नाही, सुटता कामा नये.

रेडिओकाका
१७ तारांनी काय आभाळ कोसळतं?

हँगरवाली
काका, ह. घ्या, पण आभाळातच जायचंय त्यांना.

गाळा_सात (शुक्रवार, रात्री १०:०५)
लग आणि टूल आले. टूलसाठी काकांकडे हात पसरावा लागला, ते वेगळं. आठ नमुने केले. सात वेळा काटा ७ च्या पुढे गेला, मग तार तुटली, लग जागेवर. एक ५ ला सुटला, तो मीच नीट आत सरकवला नव्हता, टोक दिसतच नव्हतं पुढून. पॅनलमधले ४३ लग कापले, परत करतोय. एक शंका: पंखातल्या दिव्यांचे लग गेल्या वर्षी केले होते, ते किटसोबत आलेले विमानाचेच लग. एकही सुटला नाही. म्हणजे ते ठीक ना?

हँगरवाली
टूल कोणतं वापरलं होतं?

गाळा_सात
हेच. जुनं. आणि ब्लेड.

अप्पा_कारशेड
मग तू ओढून पाहिले नाहीस, एवढंच ठरतं.

गाळा_सात
पंख रिव्हेट करून बंद आहेत हो.

हँगरवाली
लग पंखाच्या मधोमध नसतील ना? एक टोक बुंध्याशी, एक दिव्यापाशी. मधे सलग वायर असेल तर पंख उघडायची गरज नाही.

गाळा_सात
सलगच आहे. बुंध्याशी हात जातो. टोकाचं कव्हर सहा स्क्रूंचं आहे. जातो गाळ्यावर.

सुशीला_ठाणे
१० म्हणजे १० चौरस मिलिमीटरच ना? की गेज?