बूटलोडर उघडावा की राहू द्यावा? तुमचे अनुभव सांगा

माझ्याकडे पाच वर्षं वापरलेला एक अँड्रॉइड फोन आहे. स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा उत्तम, बॅटरी गेल्याच वर्षी बदलून घेतली. पण कंपनीने दोन वर्षांपूर्वीच अपडेट द्यायचं थांबवलं. सुरक्षा पॅचची तारीख तिथेच अडकून पडली आहे. वर, कंपनीनेच भरून दिलेली डझनभर अ‍ॅप्स काढता येत नाहीत. काहींना निदान 'डिसेबल' तरी आहे, काहींना तेही नाही. विकत घेतलेल्या वस्तूत काय ठेवायचं आणि काय नाही हे मला ठरवता येऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम) अनलॉक करून लिनिएजओएस, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली मुक्त अँड्रॉइड, टाकायचा विचार आहे. रूटही करावा का, म्हणजे सिस्टिममध्ये हवं ते बदलायचा पूर्ण अधिकार मिळवावा का, ते ठरत नाही. कृती शोधली की सापडते, त्यामुळे ती नको आहे. ज्यांनी हे केलं, जे करून पस्तावले, किंवा जे दारापर्यंत जाऊन परत आले, त्यांनी काय मिळालं आणि काय गेलं ते सविस्तर लिहावं. आयफोनवाल्यांनीही लिहा.

* * *

माझी सुरुवात मराठीमुळे झाली. २०११ची गोष्ट, अँड्रॉइड २.२ असलेला फोन. देवनागरी मजकूर उघडला की ओळीच्या ओळी चौकोन दिसायचे. फोनमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता, आणि फाँट ज्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायचा तिथे लिहायची परवानगी मालकाला नव्हती. म्हणून रूट केला. तेव्हा एका बटणात रूट करून देणारी अ‍ॅप्स होती. मूळ फॉलबॅक फाँटचं (मुख्य फाँटमध्ये नसलेली अक्षरं दाखवणाऱ्या फाँटचं) नाव बदलून बाजूला ठेवलं, त्या नावाने देवनागरी असलेला फाँट तिथे टाकला, फाइलच्या परवानग्या ६४४ केल्या (म्हणजे ती सगळ्यांना वाचता येईल) आणि फोन पुन्हा चालू केला.

चौकोन गेले, अक्षरं आली. पण ती सुटी सुटी! 'स्थिती' या शब्दात स, पाय मोडल्याची खूण, थ, आणि थच्या पुढे जाऊन बसलेली पहिली वेलांटी. फाँट होता, पण अक्षरं जोडणारी यंत्रणा त्या अँड्रॉइडमध्ये नव्हती, आणि ती नुसत्या फाइलबदलाने येत नाही. तरी मी कितीतरी महिने तसंच वाचलं. डोळ्यांना सवय झाली होती. पुढे अँड्रॉइड ४च्या काळात देवनागरी फोनसोबतच येऊ लागली आणि माझं रूटचं कारणच संपलं.

तेव्हा एक गोष्ट कळली नव्हती, ती आज सांगतो. एका बटणात रूट करणारी ती अ‍ॅप्स सिस्टिममधल्याच एखाद्या भोकातून आत शिरायची. मला आत सोडणारं भोक दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपलाही आत सोडत होतं. आताची पद्धत वेगळी आहे. बूटलोडर उघडायला कंपनीचीच वाट असते, निदान ज्या कंपन्या ती देतात त्यांची. म्हणून आजही कुणी 'बूटलोडर न उघडता एका टॅपमध्ये रूट' असं अ‍ॅप दाखवलं, तर त्याला हात लावू नका.

* * *

धागाकर्त्या ताई, आधी एवढं बघा: सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडायची परवानगी) हा पर्याय चालू करता येतो की राखाडी दिसतो? राखाडी असेल तर फोन बहुधा कंपनीने किंवा नेटवर्कवाल्याने बांधलेला आहे आणि बाकीची चर्चा सोडून द्यावी लागेल. चालू होत असेल तर लिनिएजच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल शोधा. नेमकं म्हणजे शेवटच्या अक्षरासकट. दोन फोनांचं बाजारातलं नाव एकच आणि आतली चिप वेगळी, असं सर्रास असतं.

* * *

वरच्या सल्ल्यातलं 'शेवटच्या अक्षरासकट' मी पाळलं नाही, त्याचं काय झालं ते लिहिते.

मीडियाटेक चिपचा फोन होता. चुकीच्या मॉडेलची रॉम (फोनच्या पूर्ण सिस्टिमची फाइल) टाकल्यामुळे तो लोगोवरच अडकला. फोन मूळपदावर आणायला एसपी फ्लॅश टूल नावाचा प्रोग्राम वापरतात. त्यात तीन पर्याय असतात: नुसतं डाउनलोड, फर्मवेअर अपग्रेड, आणि 'फॉरमॅट ऑल' करून डाउनलोड. मला वाटलं, सगळं स्वच्छ पुसून टाकलेलं बरं. तिसरा पर्याय निवडला. पट्टी भरत गेली, शेवटी हिरवी खूण आली, फोन चालू झाला. मला इतका आनंद झाला की मी लगेच भावाला फोन लावायला गेले, तर सिमला नेटवर्कच नाही.

वाय-फायची यादी उघडली. तिथे आमच्या नेटवर्कच्या वर एक नवंच नाव होतं, 'एनव्हीरॅम वॉर्निंग' आणि पुढे एररचा आकडा. मी त्याला कुणा शेजाऱ्याचं नेटवर्क समजले! नंतर *#०६# दाबलं आणि आयएमईआयची, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाची, जागा रिकामी दिसली.

झालं होतं असं: फोनचा आयएमईआय, वाय-फायचा पत्ता, रेडिओचं कॅलिब्रेशन (नेटवर्क नीट पकडण्यासाठी केलेली जुळणी) हे सगळं एनव्हीरॅम नावाच्या छोट्याशा भागात असतं. ते प्रत्येक फोनचं वेगळं असतं, त्यामुळे डाउनलोड केलेल्या रॉममध्ये ते कधीच सापडणार नाही. 'फॉरमॅट ऑल'ने तेच पुसलं. त्या भागाची नक्कल आधी काढली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. मी काढली नव्हती. इंटरनेटवर आयएमईआय लिहून देणारे प्रोग्राम दिसतात, पण आयएमईआयशी छेडछाड हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे. शिवाय माझ्या फोनचं मूळ कॅलिब्रेशन त्याने परत आलं नसतंच. सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं. त्यांच्या जागी तेही बरोबर होते. तो फोन आज नुसता गाणी ऐकायला वापरते.

मीडियाटेकवर एनव्हीरॅम, सॅमसंगवर ईएफएस, क्वालकॉमवर मोडेमचे (मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपचे) दोन छोटे भाग आणि 'पर्सिस्ट'. नावं वेगळी, माल तोच. हे भाग वाचण्याची परवानगी मिळाली की सगळ्यात आधी यांची नक्कल काढा, आणि ती फोनमध्ये नको, बाहेर ठेवा.

* * *

वाचून वाईट वाटलं. याला जोडूनच एक धोका: अँटी-रोलबॅक. काही फोनांत सॉफ्टवेअरचा क्रमांक चिपमध्ये कायमचा नोंदला जातो, आणि त्याहून जुनं सॉफ्टवेअर टाकलं तर फोन उठतच नाही. 'जुनी आवृत्ती बरी होती' म्हणून मागे जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

* * *

मी अनलॉकही केलं नाही आणि रूटही नाही, तरी नको असलेली एकवीस अ‍ॅप्स काढली. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला, यूएसबी डीबगिंग चालू केलं आणि एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) वापरून पॅकेज मॅनेजरला 'यूजर ०'साठी, म्हणजे फोनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, अनइन्स्टॉल करायला सांगितलं. अ‍ॅप सिस्टिमच्या भागात पडून राहतं, पण तुमच्या वापरकर्त्यापुरतं ते नसल्यासारखं होतं. ना जागी होतं, ना नोटिफिकेशन पाठवतं. फॅक्टरी रिसेट केलं की सगळी परत येतात, म्हणजे चुकीला माफी आहे. फक्त एकेक करून काढा आणि मध्ये फोन रिस्टार्ट करून बघा. मी एकदा कंपनीचं लाँचर काढलं, दुसरं न टाकता. रिस्टार्टनंतर होम स्क्रीन म्हणून काळा पडदा. फोन अजून केबलला होता आणि एडीबी चालू होतं म्हणून तिथूनच परत बसवता आलं.

ताई, तुमच्या दोन तक्रारींपैकी एक इथेच मिटते. अपडेटची मात्र मिटत नाही.

* * *

मी सहा वर्षं रूट केलेला फोन रोज वापरला आणि आता सोडला. का सोडला, ते लिहितो.

मॅजिस्क हे रूट करायचं साधन २०१६मध्ये आलं तेव्हा ते अप्रूपच होतं. आधीचं रूट सिस्टिमचा भागच बदलायचं. मॅजिस्क फक्त बूट इमेज (सिस्टिम सुरू करायला लागणारी फाइल) बदलतं, सिस्टिमला धक्का लावत नाही. त्यामुळे 'हा फोन बदललेला आहे का' असं विचारणाऱ्या अ‍ॅपपासून रूट लपवता यायचं. जाहिराती अडवणारी होस्ट्स फाइल, बॅटरी ८० टक्क्यांना थांबवणारं चार्जिंग, अ‍ॅपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप, सगळं वापरलं. तो पूर्ण बॅकअप मला आजही आठवतो. नवीन फोनवर अ‍ॅप्स जशी होती तशी उघडत, लॉग-इनसुद्धा न मागता.

मग गूगलच्या तपासण्या कडक होत गेल्या. आधी सेफ्टीनेट, पुढे प्ले इंटिग्रिटी. २०२१मध्ये मॅजिस्कचे कर्ते जॉन वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात गेले आणि मॅजिस्कमधली लपवण्याची सोय निघाली. इतरांनी रूट लपवणारी मॉड्यूल्स (मॅजिस्कला जोडायचे छोटे प्रोग्राम) लिहिली, ती काही आठवडे चालत, मग बंद पडत. आता तर चिपमधल्या किल्लीची सही मागितली जाते. ती किल्ली बूटलोडर उघडा आहे हे खरं खरं सांगते.

एका रात्री वडिलांना दवाखान्यात दाखल करायचं होतं. काउंटरवर उभा राहून पैसे भरायला बँकेचं अ‍ॅप उघडलं तर 'हे उपकरण सुरक्षित नाही' असं म्हणून ते बंद झालं. आदल्याच दिवशी चालत होतं. मागे रांग, हातात फॉर्म. शेवटी बहिणीने तिच्या फोनवरून पैसे भरले. दोष बँकेचा की माझा, हा वाद नंतर मनात खूप घातला. पण त्या क्षणी मला चालणारा फोन हवा होता. त्या आठवड्यात मूळ सॉफ्टवेअर टाकलं आणि बूटलोडर पुन्हा लॉक केला. मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाकल्याशिवाय लॉक करू नका, नाहीतर फोन सुरूच होणार नाही. सॅमसंगवाल्यांना तर मूळपदावर येणं पूर्ण शक्यही नाही. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा ई-फ्यूज (चिपमधली कायमची खूण) एकदा उडाला की सॉफ्टवेअर पूर्ववत केलं तरी सिक्युअर फोल्डर परत मिळत नाही.

* * *

आयफोनचं विचारलंत म्हणून.

२००८मध्ये जेलब्रेक करण्याचं, म्हणजे आयफोनवरची कंपनीची बंधनं काढण्याचं, कारण आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही: कॉपी-पेस्ट! आयफोनला ते २००९मध्ये आलं. त्याआधी ज्यांना हवं होतं ते जेलब्रेक करून, सिडिया या अनधिकृत दुकानातून मिळवत होते. अमेरिकेत २०१०मध्ये फोन जेलब्रेक करण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली, तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं होतं. आपण चोर नाही, एवढं कुणीतरी कागदावर म्हटलं.

पण २००९चा नोव्हेंबरही आठवतो. जेलब्रेक केलेल्या आयफोनांत एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोनमध्ये शिरायची सोय) चालू ठेवणाऱ्या कित्येकांनी मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. तो सगळ्या आयफोनांत एकच होता, 'अल्पाइन'. एक वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) त्याच पासवर्डने फोनांत शिरला आणि वॉलपेपर बदलत सुटला. त्या वर्मचं वॉलपेपरवरच भागलं, पण त्याच दारातून त्याच महिन्यात दुसरा, जास्त घातक वर्मही आला. मी त्या दिवशी बातमी वाचता वाचता पासवर्ड बदलला.

२०१९मध्ये चेकएमएट सापडलं. ते चिपच्या बूटरॉममधलं (चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या कोडमधलं) भोक, म्हणजे अपडेटने बुजणारं नाही. आयफोन एक्सपर्यंतच्या फोनांना ते लागू होतं. माझ्याकडे एक्सच होता. त्यावर आधारलेलं चेकरेन वापरून जेलब्रेक केलं, पण दर रिस्टार्टला पुन्हा केबल जोडून करावं लागायचं. आयओएस १४ आल्यावर एक्सवर ते चालवायचं तर फोनचा पासकोडच काढून टाकावा लागणार होता. तिथे मी थांबले. फोन माझ्या ताब्यात यावा म्हणून हे सगळं, आणि त्यासाठी तो कुणाच्याही हाती उघडा ठेवायचा? नाही जमलं.

* * *

उघड्या बूटलोडरबद्दल एक गैरसमज दिसतो, म्हणून थोडक्यात. रूट आणि अनलॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनिएज रूटशिवाय छान चालते आणि ताईंच्या गरजेला रूट लागतच नाही. पण बूटलोडर उघडा राहतो, म्हणजे फोन हाती लागलेला माणूस बदललेली सिस्टिम टाकू शकतो. चालू करताना येणारी नारिंगी सूचना तेच सांगते. गूगलच्या पिक्सेल फोनवर आपल्या किल्लीने सही केलेली सिस्टिम टाकून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टिम तसंच करते. मग सूचना पिवळी होते आणि तपासणी पूर्ण चालू राहते. मी दोन वर्षं हेच वापरतोय. ही सोय फार थोड्या फोनांत आहे. नवीन फोन घेताना मी आता मेगापिक्सेलच्या आधी हे बघतो.

आणखी एक. लिनिएज टाकली तरी चिपचं फर्मवेअर (चिप चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कंपनीचंच राहतं आणि त्याची अपडेट्स थांबलेलीच असतात. अँड्रॉइडचे पॅच मिळतात, मोडेमचे नाही. जुना फोन पूर्ण नवा होत नाही, पण दोन वर्षं पॅचच नसलेल्या फोनपेक्षा तो नक्की बरा.

* * *

ताई, मी लिनिएज टाकून चार महिने झाले. गेलं ते असं: कॅमेऱ्याचा रात्रीचा फोटो पूर्वीसारखा येत नाही, आणि व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी यंत्रणा) एल१ वरून एल३ या खालच्या पातळीवर आल्यामुळे चित्र एचडी दिसत नाही. अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, ते धरूनच चला. मिळालं ते म्हणजे फोन दिवसभर गरम होत नाही आणि संध्याकाळी निम्मी बॅटरी उरते. आईचा फोन असता तर मी केलं नसतं.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः एनव्हीरॅमचा अनुभव लिहिणाऱ्यांचे.

काल रात्री डेव्हलपर ऑप्शन्स दिसावेत म्हणून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं. 'ओईएम अनलॉकिंग' राखाडी नाही. मागच्या कव्हरवरचा मॉडेल क्रमांक भिंगाने वाचला आणि लिनिएजच्या यादीशी दोनदा ताडून पाहिला, शेवटच्या अक्षरासकट जुळतो. तरी अजून उघडलं नाही. बँकेचं अ‍ॅप आधी दुसऱ्या फोनवर हलवलं. आज फोटोंची नक्कल चालू आहे, बारा हजार निघाले. रूट करणार नाही, हे मात्र ठरलं. शनिवारी अनलॉक करेन आणि इथेच येऊन लिहीन.