‘पुरोगामी’, ‘डावा’ आणि ‘विज्ञाननिष्ठ’ : अदलून-बदलून वापरावेत काय?

प्रश्न : एका लेखाचे मुद्रितशोधन करताना पुढील वाक्य आढळले : “पुरोगामी मंडळी विज्ञान, शिक्षण आणि कलास्वातंत्र्य यांच्या बाजूने असतात, तर उजवी मंडळी परंपरेच्या.” पुढील परिच्छेदांत याच ‘पुरोगामी मंडळीं’साठी लेखकाने कोठे ‘डावे’, तर कोठे ‘विज्ञाननिष्ठ’ असे शब्द योजले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी असे करणे ग्राह्य मानावे काय?

प्रतिसाद १ : ग्राह्य मानू नये. ‘पुरोगामी’ हा दिशादर्शक शब्द आहे. पुरस् म्हणजे पुढे आणि गामी म्हणजे जाणारा. ‘पुढे’ म्हणजे नेमके कोणीकडे, हे शब्द सांगत नाही, ते बोलणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ‘डावा’ हा मुळात बसण्याच्या जागेवरून आलेला शब्द : 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा असे म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि त्याला विरोध करणारे डाव्या हाताला बसू लागले, तेथून तो राजकारणात शिरला. ‘विज्ञाननिष्ठ’ हा शब्द विचार करण्याची रीत सांगतो. हे तीन गुण एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, पण तसे नांदलेच पाहिजेत असा नियम नाही, आणि आपल्याकडचा इतिहास तर तो नियम वारंवार मोडतो.

लोकमान्य टिळक राजकारणात जहाल होते, परंतु मुलींच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीचे किमान वय वाढवणाऱ्या 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. गोपाळ कृष्ण गोखले मवाळ. पण प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते त्यांनीच. ते विधेयक फेटाळले गेले. जे ब्रिटिश सरकारने नाकारले ते बडोद्याला सयाजीरावांनी 1906 पासून संस्थानभर लागू केलेले होते आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये तसा कायदा केला. फ्रान्सच्या सभेतील बैठकव्यवस्था लावायची तर सिंहासनावरच्या या दोघांना कोणत्या बाकावर बसवायचे, हे त्या लेखकाला अवश्य विचारावे. ‘विज्ञाननिष्ठ’ या शब्दाचे तर आणखी वेगळे आहे. मराठीत तो रुळण्यात सावरकरांच्या ‘विज्ञाननिष्ठ निबंधां’चा वाटा मोठा आहे; गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे लिहिणाऱ्या आणि त्याच वेळी हिंदुत्वाचे राजकारण मांडणाऱ्या त्या लेखकाला ‘डावा’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

उलट बाजूही पाहावी. सोव्हिएत रशियात 1948 साली, जनुकांचा सिद्धान्त नाकारणाऱ्या लिसेंको या कृषितज्ज्ञाच्या मताला राज्यकर्त्यांनी अधिकृत ठरवले आणि आनुवंशिकीशास्त्राचे अध्यापन व संशोधन मोडीत काढले. लिसेंकोला विरोध करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह त्याआधीच, 1943 मध्ये, तुरुंगात मरण पावला होता. तेथे डावेपण पूर्ण होते, विज्ञाननिष्ठा नव्हती.

प्रतिसाद २ : वरील मताशी मी सहमत आहे. भर घालायची ती एका घटनादुरुस्तीची, कारण लेखकाच्या वाक्यातील विज्ञान, शिक्षण आणि कला या तिन्ही गोष्टी तिच्याभोवती एकत्र येतात. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला, शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा समावेश झाला. लेखकाच्या व्याख्येप्रमाणे याहून अधिक पुरोगामी दस्तऐवज सापडणे कठीण. परंतु ती आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, आणि 1975 च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या दुर्गा भागवतांना पुढे तुरुंगात जावे लागले. शोधकबुद्धी हे कर्तव्य ठरवणारे सरकार लेखकाच्या शंका मात्र सहन करीत नव्हते.

जाता जाता एक निरीक्षण : घटनेच्या त्या कलमात शोधकबुद्धीच्या जोडीला सुधारणेचाही उल्लेख आहे, आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र ते कर्तव्य “वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि जिज्ञासूवृत्ती अंगी बाळगावी” असे छापले जाते. मुलांनी जिज्ञासू असावे, सुधारणेचे पुढे पाहू, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येणार नाही.

कलेच्या बाबतीतही ‘डावे विरुद्ध उजवे’ ही मांडणी फसते. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा वाद पक्षांच्या रेषेवर झाला नव्हता. साहित्याने एखाद्या ध्येयाच्या कामी यावे ही अपेक्षा मार्क्सवादी समीक्षकांनी केली, तशीच 1938 च्या मुंबई संमेलनात लेखण्या मोडून बंदुका घ्या असे सांगणाऱ्या सावरकरांनीही केली. ध्येये परस्परविरोधी होती, लेखकाकडून केलेली मागणी सारखीच होती. म्हणून ‘कलावादी’, ‘जीवनवादी’, ‘बांधिलकी मानणारा’ हे शब्द राजकीय विशेषणांच्या जागी वापरू नयेत.

प्रश्नकर्ता : मग मूळ वाक्याचे काय करावे?

प्रतिसाद १ : लेखकाला ज्या व्यक्ती किंवा संघटना अभिप्रेत असतील त्यांची नावे घालायला सांगावे, पुनरुक्तीपेक्षा संदिग्धता अधिक वाईट. ‘उजवा’ हा शब्द वापरताना विशेष काळजी घ्यावी, कारण मराठीत ‘उजवा ठरणे’ म्हणजे सरस ठरणे. “शिक्षणविषयक धोरणात हा पक्ष उजवा आहे” या वाक्यात निंदा आहे की प्रशंसा, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. ‘पुरोगामी’चे ‘फुरोगामी’ आणि ‘विचारवंता’चे ‘विचारजंत’ करण्याची खोड अलीकडे बळावली आहे. ती अवतरणाखेरीज लेखात येऊ देऊ नये. आणि भाववाचक नाम लिहायचेच झाले तर ते ‘पुरोगामित्व’ असे, ‘मि’ ऱ्हस्व ठेवून लिहावे. मूळ संस्कृत शब्द (पुरोगामिन्) इन्नन्त, म्हणजे ‘इन्’ने शेवट होणारा, असल्यामुळे ‘त्व’पूर्वीचा इकार ऱ्हस्व राहतो.