रिव्हॉल्व्हरचा नेम : टेकून तपासायचा की मोकळ्या हातानं?

निपाणीवाला
आमच्या कट्ट्यावरचा वाद इथं आणतोय. एका दोस्तानं परवान्याचं कानपूर बनावटीचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं. रेंजवर उभ्यानं १५ मीटरवरून मारलं, कागदभर गोळ्या पसरल्या आणि गडी निकाल देऊन मोकळा : 'माल भिकार हाय.' माझं म्हणणं, टेबलावर वाळूची पिशवी ठेव, खुर्चीवर बस, दोन्ही हातांनी धर आणि मग मार. दोष हत्याराचा की हाताचा ते तिथं कळतं. काडतुसं आपल्याला परवान्यावर मोजून मिळतात, ती स्वतःच्या थरथरीवर उधळून हत्याराला नावं कशाला ठेवायची? टेकून मारल्याशिवाय रिव्हॉल्व्हरबद्दल तोंड उघडू नये.

टिळकवाडी
रायफलचा नियम रिव्हॉल्व्हरला लावताय. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच रिव्हॉल्व्हर मागं सरून तोंड वर उचलायला लागलेलं असतं. म्हणून तर त्याच हत्यारातून जड आणि संथ गोळी हलक्या, वेगवान गोळीपेक्षा सहसा वर लागते. ती नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड आणखी उचललेलं असतं. आता नळीखाली टेका दिला की हे उचलणंच बदललं. कडक लाकडावर नळी टेकवली तर गोळ्या बहुधा वर चढतात. त्या कागदावर विसंबून साइट, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच, बसवली, की उभ्यानं मारताना सगळ्या खाली. पिशवीवरचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, देखणा असेल हो, पण तो पिशवीचा.

माजी हवालदार
नळी टेकवायला सांगितलं कुणी? मनगटाच्या मागचा हात पिशवीवर, हत्यार हवेत. मुठीचा तळही टेबलाला लागू द्यायचा नाही. उभ्यानं जशी पकड, तेवढ्याच जोराची बसून. असं केलं तर दोन्हीकडच्या गोळ्यांत फार फरक पडत नाही.

आणि नवीन पोरांसाठी : सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये जी बारीक फट असते, तिच्यातून प्रत्येक बाराला बाजूला गरम वायू आणि शिशाचे कण उडतात. पिशवीचं कापड तिथं आलं तर करपून फाटतं, बोट आलं तर भाजतं, चिरतं. रायफलवाल्यांना डावा हात पुढं नळीखाली न्यायची खोड असते, ती इथं चालत नाही. चष्मा आणि कानाला मफ हे वेगळं सांगायला नको.

खानापूर रान
हे सगळं खरं, पण शेवटी मारायचं उभ्यानंच न्हवं? २५ मीटर सेंटर फायर, म्हणजे .३२ सारख्या काडतुसांच्या, स्पर्धेत एक हात, मनगट मोकळं, कशाचा आधार नाही, आणि प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश माराच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, ते काय टेबलावर टेकून? मोजकी काडतुसं असली तर सगळी उभ्यानं वापरावीत, असं मला वाटतं.

निपाणीवाला
ते .२२ चं पिस्तूल, रिव्हॉल्व्हर न्हवे. आणि त्या खेळात काडतुसांचे लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपा, हत्यार शिकंज्यात घट्ट धरून तपासायची पद्धत आहे. म्हणजे शंका आधी मिटवायची, मग उभं राहायचं. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

रिव्हॉल्व्हरला तर हे जास्तच लागू. पिस्तुलाला एकच चेंबर, इथं सहा. सगळे खाने नळीशी सारखे जुळतीलच असं नाही. सिलिंडरवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, खाने मोजा आणि प्रत्येक खान्याच्या गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. पाच खान्यांच्या एकत्र पडतायत आणि एकाच्या सारख्या डावीकडं जातायत, तर दोष सापडला. हे उभ्यानं कसं शोधणार? तुमचं डोलणं त्या फरकाला गिळून टाकतं.

टिळकवाडी
डोलण्याला उगीच बदनाम केलंय. हिशोब करा. दोन्ही साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर धरा. सगळा हात जसाच्या तसा एक सेंटिमीटर बाजूला सरकला तर गोळीही एकच सेंटिमीटर सरकते. पण पुढची माशी खाचेत एक मिलिमीटर कलली, तर १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकली. कलते कशानं? चाप झटक्यानं ओढल्यानं. टेकल्यावर डोलणं जातं, झटका तसाच राहतो. म्हणजे तुमच्या दोस्तानं पिशवीवरूनही पसाराच केला, तरी हत्यार दोषी ठरत नाही.

माजी हवालदार
बरोबर. त्यावर जुना उपाय आहे. दुसऱ्यानं सिलिंडर भरून द्यायचं, मध्येच एक खाना वाजलेल्या काडतुसाचा. मारणाऱ्याला पत्ता नाही. घोडा पडला, आवाज नाही, आणि नळीचं तोंड खाली खचकन गेलं, की सगळ्यांना दिसतं. बसून केलं तर जास्तच स्पष्ट दिसतं.

खानापूर रान
मग पिशवी माणूस तपासायला की हत्यार? आधी ठरवा.

माजी हवालदार
आधी माणूस. झटका गेला की मग खाने. साइट मात्र उभ्यानं मारलेल्या कागदावरूनच बसवायची, इथं टिळकवाडीशी सहमत. निवडणूक लागली की हत्यारं बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात, त्याच्या आधी एक रविवार ठरवा. एकाच लॉटची काडतुसं, आधी बसून, मग उभ्यानं. पिशव्या मी आणतो.

खानापूर रान
आणि काडतुसं कुणाची?